गोठलेली जमीन, बर्फ आणि वाळू: तंबू रोवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की हे प्रश्न यायला लागतात. उत्तराखंडातल्या केदारकंठ्याच्या ट्रेकला निघालेले, चादरसाठी (लडाखमधल्या गोठलेल्या झंस्कार नदीवरचा ट्रेक) पैसे भरून बसलेले आणि थर्टी फर्स्टला कोकणात किनाऱ्यावर तंबू टाकणारे, सगळ्यांची अडचण शेवटी एकच असते: मेख धरत नाही. तेच ते प्रश्न एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तंबूसोबत ज्या मेखा मिळतात त्या सगळीकडे चालत नाहीत का?

नाही. तंबूला मेख धरून ठेवते असं आपण म्हणतो, पण मेखेला धरून ठेवते ती माती. तंबूच्या पिशवीत मिळणाऱ्या बोटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्या हिरवळीसाठी आणि शेतातल्या मातीसाठी असतात. वाळूचे कण एकमेकांना धरत नाहीत, तर मेखेला कुठून धरणार? ताज्या बर्फात तर बहुतेक हवाच असते. गोठलेल्या जमिनीची तऱ्हा उलटी: ती धरते घट्ट, पण आत घेत नाही.

म्हणून वाळू आणि बर्फ यांत मेख ठोकायची नसते, आडवी पुरायची असते. गोठलेल्या जमिनीत ती ठोकायची, पण वेगळ्या प्रकारची. नाहीतर ठोकायचा नाद सोडून तंबू वजनाला बांधायचा. पुढचं सगळं या तीन वाक्यांचा विस्तार आहे.

२. माझा तंबू फ्रीस्टँडिंग आहे, मेखांशिवाय उभा राहतो. मग कशाला एवढा खटाटोप?

उभा राहतो, बसून राहत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण ६ किलो पडतो, ताशी ७२ किलोमीटरला तो २५ किलोच्या घरात जातो. दोन माणसांच्या तंबूची वाऱ्याकडची बाजू सहज दोन चौरस मीटर भरते. म्हणजे ५० किलोचा धक्का, आणि तंबूचं वजन तीन किलो. (चार हजार मीटरवर हवा विरळ असल्याने दाब एक तृतीयांशाने कमी होतो, पण तिथला वारा ती सवलत वसूल करून घेतो.)

आत सॅक ठेवल्या तरी त्यांनी फक्त तंबूचं बूड जागेवर राहतं. वरचं कापड आणि काठ्या तणाव्यांवरच, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्यांवरच, उभ्या असतात.

३. बर्फात मेख “पुरायची” म्हणजे नेमकं काय करायचं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून सावकाश सांगतो.

तंबूचा कोपरा जिथे येणार तिथून तणाव्याच्या दिशेने दीड-दोन पावलं पुढे जा. तिथे तणाव्याला आडवा, म्हणजे काटकोनात, एक चर खणा. लांबी हातभर, खोली निदान कोपरापर्यंत, म्हणजे एक फूट ते दीड फूट. बर्फ भुसभुशीत असेल तर आणखी खोल. या चराच्या मधून तंबूच्या दिशेने दोरीपुरती एक अरुंद खाच काढा. वरून पाहिलं तर इंग्रजी टी दिसायला हवा. ही खाच चराच्या तळापासून तिरकी वर यायला हवी. खाच काढायचा आळस केला तर दोरी चराच्या कडेवर अडते आणि पुरलेली वस्तू वर उपसली जाते. पहिल्यांदा करणाऱ्या दहापैकी आठ जण इथेच चुकतात. खरी मेख आहे ती या खाचेत.

आता बांबूची कांब किंवा बर्फाची रुंद मेख चरात आडवी ठेवा. दोरी तिच्या मध्यावरून पलीकडून फिरवून दोन्ही टोकं खाचेतून वर आणा. दोरी कांबीला बांधायची नाही, नुसती फिरवायची. गाठ वर, बर्फाच्या बाहेर. मग चर बर्फाने भरा, बुटाने दाबा, परत भरा, परत दाबा. आणि थांबा (प्रश्न ४).

गाठ वर ठेवण्याचं कारण सकाळी कळतं. रात्रभरात चर दगडासारखा होतो. गाठ खाली असेल तर दोरीसाठी आईस ॲक्सने (बर्फ फोडायच्या कुदळीने) खणत बसावं लागतं, आणि त्यात पहिली तुटते ती दोरीच. गाठ वर असली की ती सोडायची, एक टोक ओढायचं, दोरी सरसर बाहेर येते. कांब तिथेच राहिली तरी ती लाकडाची आहे. धातूची मेख मात्र खणून काढावीच लागते.

४. पुरल्यावर किती वेळ थांबायचं? लगेच ताणलं तर?

लगेच ताणलं तर हातात येईल, आणि तुम्हाला वाटेल की ही युक्तीच खोटी. बर्फ तुडवला की त्याच्या चांदण्या मोडतात, बारीक कण एकमेकांजवळ येतात आणि जिथे टेकतात तिथे सांधे धरतात. याला वेळ लागतो. साधारण अर्धा तास द्या. थंडी उणे वीसच्या आसपास आणि बर्फ पिठासारखा कोरडा असेल तर जास्त लागतो. दुपारचा ओलसर बर्फ लवकर बसतो.

म्हणून क्रम असा ठेवा: मुक्कामी पोचल्यावर आधी जागा तुडवायची, चर भरायचे, मग चहा, मग तंबू ताणायचा. आधी चहा घेतला की चर अंधारात खणावे लागतात.

५. पुरायला काय वापरू? बर्फाच्या खास मेखा विकत घ्यायलाच हव्यात का?

गरज नाही. बर्फाच्या मेखा रुंद, पन्हळीसारख्या आणि भोकं असलेल्या असतात. छान असतात, पण महाग असतात आणि एका तंबूला दहा-बारा लागतात. माझी आवड विचाराल तर फूटभर लांबीच्या बांबूच्या कांबी, मधोमध चिरलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. बुरुडाकडे मिळतात, वजनाला हलक्या असतात आणि उन्हात तापत नाहीत (प्रश्न १४).

ऐनवेळी वाळलेली जाड काटकी, बर्फ ठासून भरलेली कापडी पिशवी, आईस ॲक्स, काहीही चालतं. आईस ॲक्स पुरण्याआधी रात्री ती लागणार नाही ना, एवढं बघा. पाण्याची बाटली पुरणारे महाभागही भेटतात. सकाळी पाणी प्यायचं असतं हे ते विसरलेले असतात.

६. पिशवीत बर्फ भरून ती नुसती तणाव्यावर ठेवली तर? किनाऱ्यावर वाळूच्या पिशव्या चालतात की!

वजनाचा हिशोब करा. दहा लिटरच्या पिशवीत कोरडी वाळू पंधरा-सोळा किलो भरते. त्याच पिशवीत ताजा बर्फ अर्धा ते एक किलो, आणि ठासून भरला तरी तीन-चार किलो. म्हणजे वाळूची पिशवी वजनाने काम करते, बर्फाची पिशवी फक्त पुरल्याने. पिशवी तीच, पण वर ठेवली तर खेळणं आणि पुरली तर मेख.

७. तंबूखालचा बर्फ तुडवायचा की साफ करायचा?

दोन फुटांपेक्षा जास्त असेल तर तुडवायचा, तंबूपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन पावलं मोठी जागा धरून. नाहीतर रात्री अंगाच्या उबेने तंबूखाली खड्डा पडतो आणि चौघे मधोमध एकमेकांवर येतात. बर्फ कमी असेल तर प्रश्न १० पाहा.

८. जमीन गोठली आहे. मेख अर्धा इंच जाते आणि वाकते. काय करू?

आधी हे समजून घ्या की तुम्ही मातीत नाही, मातीच्या काँक्रीटमध्ये मेख ठोकताय. मातीतलं पाणी गोठून कणांना सिमेंटसारखं सांधतं. जितकी माती ओली, तितकी गोठल्यावर कडक. म्हणून पहिला उपाय जागा बदलण्याचा: ओढ्याकाठची, गवताळ, पाणथळ जागा सोडा आणि उंचवट्यावरची, उन्हं लागलेली, मुरमाड जागा शोधा. झाडाखाली पालापाचोळ्याचा थर असेल तर तिथली जमीन बऱ्याचदा कमी गोठलेली असते.

दुसरा उपाय हार्डवेअरच्या दुकानात आहे. आठ इंची लोखंडी खिळे, सहा मिलीमीटर जाडीचे, आणि प्रत्येकाला डोक्याखाली एक मोठा वायसर. वायसर नसेल तर तणाव्याचा फास डोक्यावरून निसटतो. एक खिळा ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बारा खिळे म्हणजे अर्ध्या किलोहून थोडं जास्त. मुकाट वाहायचं. शिवाय ठोकायला हातोडी हवी. दगडाने ठोकू म्हणाल, तर सगळे दगड बर्फाखाली चिकटलेले असतात. शंभर रुपये वाचवायला हातोडी घरी ठेवून मी एकदा बुटाच्या टाचेने खिळे ठोकले आहेत. सोल तिथेच उकलला आणि पुढचे तीन दिवस बुटाला सुतळी बांधून चाललो.

खिळा सरळ ठोका, घाव लहान पण नेमके. पहिले दोन इंच जड जातात. पूर्ण आत घालू नका, बोटभर बाहेर राहू द्या, सकाळी पकड हवी.

तिसरा उपाय म्हणजे ठोकायचंच नाही. तणावा झाडाला, झुडपाच्या बुंध्याला किंवा दगडाला बांधा. दगडाला थेट दोरी गुंडाळू नका, धारेवर घासून तुटते. दोरीच्या फासात एक काटकी अडकवा, काटकी जमिनीवर ठेवा आणि तिच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच मोठा धोंडा ठेवा. वारा ओढतो तेव्हा काटकी धोंड्याला येऊन अडते. धोंडा गोठून चिकटला असेल तर लाथेने हलत नाही, बाजूने हातोडीचा घाव घालावा लागतो.

दुपारी उन्हात वरचा थर सैल होतो, तेव्हा मेख सुरेख जाते आणि रात्री गोठून पक्की बसते. दोनच्या सुमारास पोचलात तर निम्मं काम सूर्य करतो.

९. आता उलटा प्रश्न. सकाळी मेखा निघतच नाहीत!

उभी ओढू नका, डोकं तुटून हातात येतं. आधी डाव्या-उजव्या बाजूने हलके घाव घाला, म्हणजे भोवतीचा बर्फाचा सांधा तुटतो. गोल मेख किंवा खिळा असेल तर पकडीने फिरवा. फिरला की सुटला. व्ही आकाराची मेख फिरत नाही, म्हणून गोठलेल्या जमिनीत ती मला आवडत नाही. तरी नाही सुटली तर दुसऱ्या मेखेचा आकडा पहिलीच्या आकड्यात अडकवून तिरकं ओढा.

गरम पाणी ओतण्याची कल्पना सगळ्यांना सुचते. कपभर कोमट पाणी चालतं, पण ओतल्यावर लगेच उपसा. पाच मिनिटांनी ते पाणीही गोठतं आणि दुप्पट घट्ट बसतं.

उणे तापमानात लोखंडाला उघडा हात लावू नका. ओलसर बोट चिकटतं आणि सोडवताना कातडी जाते. ट्रेकच्या सकाळी तंबू काढायला अर्धा तास जास्त धरा, तो यासाठीच.

१०. वर जेमतेम वीतभर बर्फ आणि खाली गोठलेली जमीन असेल तर?

सगळ्यात अडनिड प्रकार हाच, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला केदारकंठ्याच्या खालच्या मुक्कामांवर हेच मिळण्याची शक्यता जास्त. पुरायला बर्फ पुरेसा नाही आणि ठोकायला जमीन तयार नाही. तंबूच्या जागेवरचा सगळा बर्फ फावड्याने ओढून मेखांच्या जागी ढीग करा. कांब जमिनीवरच ठेवा, तिच्यावर हा ढीग रचा, तुडवा, थांबा. चार मुख्य कोपऱ्यांना खिळे, बाकीच्या तणाव्यांना ढीग, अशी वाटणी मला जमते. देवदाराला बांधता आलं तर उत्तम, फक्त तंबू फांद्यांच्या बरोबर खाली नको. फांदीवरचा बर्फ दुपारी एकगठ्ठा कोसळतो.

११. चादरवर तर नदीच गोठलेली असते. नुसत्या बर्फावर तंबू कसा रोवतात?

मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो आणि घोटाळा इथे होतो. आभाळातून पडलेला भुसभुशीत बर्फ वेगळा आणि पाणी गोठून झालेला काचेसारखा बर्फ वेगळा. प्रश्न ३ मधली पुरण्याची युक्ती दुसऱ्यावर चालत नाही.

झंस्कार नदीवर जानेवारी-फेब्रुवारीत चालतात नदीवर, पण तंबू टाकतात काठावरच्या वाळूत आणि गुहांच्या आसपास. ते योग्यच आहे. नदीचा बर्फ रात्रीत फुटतो, त्यावर पाणी चढतं. त्यामुळे नवख्याने गोठलेल्या नदीवर तंबू टाकायचा विचारही करू नये.

गोठलेल्या काठावर किंवा हिमनदीवर टाकावाच लागला, तर गिर्यारोहकांचा मार्ग आहे. आईस स्क्रूने, म्हणजे बर्फात फिरवून घालायच्या पोकळ स्क्रूने, दोन तिरकी भोकं अशी पाडायची की ती आत एकमेकांना भेटतील, आणि त्यांतून दोरी ओवायची. सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबालाकोव यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. धातूचं काही मागे राहत नाही, तापून सैल होण्याची भीती नाही.

स्क्रू नसेल तर सोपा देशी उपाय: कुदळीने वीतभर खळगा करा, दोरी गुंडाळलेला दगड त्यात ठेवा, बर्फाचा चुरा भरा आणि वरून पाणी ओता. उणे पंधराला थोड्याच वेळात ते दगडासकट एकजीव होतं. दोरीचं लांब टोक बाहेर ठेवा. सकाळी फोडताना दोरीवर नाही, दगडाच्या बाजूला घाव घाला.

१२. वाळू गोठते का?

कोरडी वाळू नाही, कारण गोठायला तिच्यात पाणीच नसतं. ओली वाळू मात्र प्रश्न ८ मधल्या मातीपेक्षाही कडक होते. लडाखमध्ये नदीकाठी दोन्ही एकाच जागी मिळतात: वर चार बोटं भुरभुरीत, खाली फरशी. वरच्या थरात मेख सहज जाते म्हणून माणूस खूश होतो आणि मध्यरात्री कोपरा फडफडायला लागतो. अशा ठिकाणी वरची वाळू पिशव्यांत भरून वजन करा आणि मुख्य तणावे धोंड्यांना बांधा.

१३. कोकणात किनाऱ्यावर तंबू टाकायचा आहे. वाळूत मेखा कशा रोवू?

पद्धत प्रश्न ३ चीच: आडवा चर, दोरीची खाच, गाठ वर. फरक दोन. एक, इथे थांबावं लागत नाही, कारण वाळू सांधे धरत नाही, वजनाने दाबते. दोन, खोली जास्त हवी. कोरड्या वाळूत एक फुटाने भागत नाही, दीड फूट खणा. खणताना खालची ओलसर वाळू लागली की समजा बरोबर चाललंय. ओलसर वाळूचे कण पाण्याच्या पातळ थराने एकमेकांना ओढून धरतात, म्हणून तर मुलांचे किल्ले उभे राहतात. चर भरताना वरून दोन तांबे पाणी शिंपडलंत तर पकड वाढते, पण ऊन लागलं की ती जाते. फार पाणी ओतू नका. पाण्याने तुडुंब भरलेली वाळू पातळ होते आणि काहीच धरत नाही.

कांबीऐवजी वाळू भरलेली गोणपाटाची लहान पिशवी पुरणं सर्वात सोपं. नारळाची सोडणंही (वरची काथ्याची सालं) चांगली, एकाला एक बांधून. जाताना खड्डे बुजवा.

१४. मार्चमधल्या बर्फात सकाळी घट्ट असलेल्या मेखा दुपारी सैल होतात. का?

धातू तापतो म्हणून. वर डोकावणारा भाग ऊन शोषतो, उष्णता खाली नेतो आणि मेख स्वतःभोवती भोक वितळवते. काळ्या रंगाची मेख सर्वात आधी सुटते. दिवसा तंबू उभा ठेवणार असाल तर मेख पूर्ण पुरा, वर बर्फाचा ढीग करा आणि शक्यतो बांबू वापरा. आईस स्क्रूचंही हेच होतं, त्याच्यावरही बर्फ टाका.

१५. किनाऱ्यावर नेमका कुठे टाकायचा?

मर्यादवेल शोधा. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूवर पसरते आणि नावातच सांगते की समुद्राची हद्द इथपर्यंत. तिच्या गावाकडच्या बाजूला तंबू टाका, तिच्यावर नको. वाळू धरून ठेवायचं काम तीच करते.

आता गंमत बघा. लोक चांदण्यासाठी पौर्णिमेची रात्र निवडतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, मुंबईच्या आसपास पाणी साडेचार मीटरच्या वरही जातं, आणि आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती येते दुपारी बाराच्या आणि रात्री बाराच्या सुमारास. म्हणजे तुम्ही गाढ झोपलेले असताना. कोळ्यांचा ढोबळ हिशोब पाठ करून ठेवा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात, भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, म्हणजे नेमकी जिथे तुम्हाला चर खणायचा असतो तिथेच. तिथे खणू नका, दिवेही लावू नका. गावात घरगुती सोय होते.

१६. संध्याकाळी दाराकडे पाठ करून वारा होता, पहाटे तोच दारातून आत. असं का?

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. म्हणून किनाऱ्यावर “वाऱ्याकडच्या बाजूला दोन मेखा जास्त” हा हिशोब चालत नाही, चारी बाजू सारख्याच पक्क्या हव्यात. डोंगराच्या दऱ्यांतही असंच: दुपारी वारा दरीतून वर चढतो, रात्री खाली उतरतो. लडाखमधल्या नुब्रात हुंदरच्या वाळूच्या टेकड्यांवर दुपारचा वारा इतका असतो की तंबू चार वाजता लावण्यापेक्षा सूर्य कलल्यावर लावलेला परवडतो.

१७. दोरी कोणती आणि गाठ कोणती?

नायलॉन भिजला की लांबतो, म्हणून संध्याकाळी ताणलेला तणावा मध्यरात्री लोंबतो. झोपण्याआधी एकदा ताणून घ्या. पॉलिस्टर कमी लांबतो. रंग पांढरा नको, बर्फात दिसत नाही आणि पाय अडकतो.

गाठींचं म्हणाल तर सुरगाठ, निरगाठ नाही. हातमोजे घातलेल्या बोटांनी एका झटक्यात सुटेल अशीच गाठ हवी. घरीच प्रत्येक कोपऱ्याला दोन मीटर जादा दोरी फास करून बांधून ठेवा. उणे दहाला दोरी कापायची आणि टोक जाळायची वेळ यायला नको. प्लॅस्टिकचे ताणपट्टे थंडीत ठिसूळ होतात, जोर लावू नका.

१८. तंबूला खालून झालर आहे. तिच्यावर बर्फ टाकला की झालं ना?

झालर ही उत्तम मेख आहे, चारी बाजूंनी सारखी धरते. अंटार्क्टिकात आजही पिरॅमिडसारखे तंबू अशाच झालरींवर बर्फ रचून उभे करतात. पण एवढ्यावर विसंबू नका. जुलै १९११ मध्ये तिथल्याच केप क्रोझियरला स्कॉटच्या मोहिमेतल्या विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड यांचा तंबू वादळाने उचलून नेला, ऐन ध्रुवीय रात्रीत. तो उताराच्या पायथ्याशी धडका सापडला म्हणून तिघे परतले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. झालर बर्फाने बंद केली की खालून हवा येणं थांबतं. अशा तंबूत स्टोव्ह पेटवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आत स्वयंपाक करू नका, वरची झडप उघडी ठेवा, आणि रात्री बर्फ पडत असेल तर उठून ती मोकळी करा.

१९. आमचे तंबू आयोजक लावून देतात. आम्ही काय तपासायचं?

प्रत्येक तणावा एकेकदा ओढून बघा, रागावल्यासारखा. जो हातात येईल तो रात्री वाऱ्याच्या हातात येणारच होता. नुसत्या भुसभुशीत बर्फात उभ्या ठोकलेल्या बारीक मेखा दिसल्या तर स्टाफमधल्या भैयाजींना आडव्या पुरून द्यायला सांगा. संकोच नको. त्यांना ते येतं, पण तीस तंबू लावायचे असले की हात आखडतो. फावडं घेऊन मदतीला उभे राहिलात तर काम लगेच होतं.

२०. मेखा विमानात नेता येतात का?

चेक-इनमध्ये टाका, हातातल्या बॅगेत नको. खिळे आणि हातोडी तर नकोच. गॅसची डबी कुठल्याच बॅगेत चालत नाही, ती देहरादून किंवा लेहला घ्या.

२१. हे सगळं हिमालयाचं झालं. सह्याद्रीच्या कातळावर काय?

जमीन गोठत नसली तरी बेसॉल्ट आहे, मेख त्यात जातच नाही. प्रश्न ८ मधली काटकी आणि धोंड्याची युक्ती जशीच्या तशी वापरा. कातळाच्या भेगांत खिळे ठोकू नका. तटबंदीचे दगड तर अजिबात उचलू नका, आणि त्या किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी आहे का ते आधी बघा. कड्याजवळ वारा खालून वर येतो आणि तंबू उचलतो, म्हणून धोंडे वजनदार हवेत आणि तंबू कड्यापासून लांब.

२२. वारा सुटलाय, अंधार आहे, दोन मेखा गेल्या. आत्ता काय करू?

एकाने आत राहायचं, वाऱ्याकडच्या बाजूला पाठ लावून. दुसऱ्याने बूट, हातमोजे, टॉर्च घालून बाहेर. सुटलेल्या मेखा परत त्याच भोकात घालू नका, सॅक भरून ती तणाव्याला बांधा. जमलं तर वाऱ्याकडच्या बाजूला, तंबूपासून तीन-चार फुटांवर, कमरेएवढी बर्फाची भिंत घाला. चिकटून घातली तर उडणारा बर्फ तंबूवरच साठतो.

तरी काठ्या वाकायला लागल्या तर त्या काढा. तंबू आडवा पाडा, कापडावर सॅक आणि धोंडे ठेवा, आत शिरा, तोंडाजवळ हवेला जागा ठेवा आणि उजाडेपर्यंत पडून राहा. पाडलेला तंबू सकाळी परत उभा करता येतो. उभारताना आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे पक्के करा, मगच काठ्या घाला, आणि तोवर कापड कोणीही हातातून सोडायचं नाही.